गाइड म्हणतात, ‘कुंभ झाल्यावर बघू’

पत्राचा सारांश : पत्रलेखिका ३२ वर्षांची आहे. नाशिकमधल्या एका कॉलेजच्या संशोधन केंद्रात तिच्या पीएच.डी.चं हे चौथं वर्ष. विषय गोदावरीच्या पाण्याची गुणवत्ता, गंगापूर धरणापासून नांदूरमध्यमेश्वरपर्यंत. एका सरकारी संस्थेची फेलोशिप मंजूर आहे, पण नऊ महिने खात्यात पैसा आलेला नाही. नवरा अंबडच्या एका कंपनीत. पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटचा हप्ता दोघं मिळून भरायचे, तो आता त्याच्या एकट्याच्या अंगावर पडलाय. त्यात गाइड सर म्हणतात, ‘रामकुंड आणि तपोवनचे पॉइंट सध्या वगळ, कुंभ झाल्यावर बघू. वरच्यांना आवडणार नाही.’ फेलोशिप अडली तीही विषयामुळेच, असं तिला वाटतं. द्राक्षांची तपासणी करणाऱ्या एका खासगी लॅबमध्ये नोकरी मिळतेय. वडील म्हणतात, घेऊन टाक. अमेरिकेतल्या मैत्रिणीचा प्रकल्प २०२५ मध्ये निधी रद्द होऊन बंद पडला, त्यामुळे तिकडे जायचा विचारही मावळलाय. सासूबाई देवघरात रामकुंडाचं तीर्थ ठेवतात. त्यांनी एकदा विचारलं, ‘पाण्यात खरंच घाण आहे का गं?’ तिला उत्तर देता आलं नाही. तिचा प्रश्न असा : ‘विषय बदलू, पीएच.डी. सोडू, की सगळे आकडे वर्तमानपत्राला देऊन मोकळी होऊ?’

*

तुला ‘तू’च म्हणते. पस्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, तुझ्या वयाच्या मुलींना अहो-जाहो करायला जीभ वळत नाही.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मग एका कागदावर मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिलं ‘पैसा’, उजवीकडे ‘भीती’. तुझी वाक्यं एकेक करून दोन्हीकडे टाकत गेले. नऊ महिने फेलोशिप नाही, हे डावीकडे. ‘वरच्यांना आवडणार नाही’, हे उजवीकडे. दोन्ही रकान्यांना जोडणारं वाक्य सगळ्या पत्रात एकच सापडलं : ‘मला वाटतं, विषयामुळेच अडवलं असेल.’ वाटतं आणि असेल. तुझ्या प्रबंधात हे वाक्य आलं असतं तर मी समासात लाल शाईनं ‘पुरावा?’ असं लिहिलं असतं.

म्हणून आधी डावा रकाना. तू पाण्याचं काम करतेस, कंट्रोल सॅम्पल, म्हणजे तुलनेसाठी घेतलेला नमुना, कशाला लागतो ते तुला सांगायला नको. तुझ्याच बॅचमध्ये, त्याच संस्थेची फेलोशिप घेणारे मराठीचे, वाणिज्याचे, इतिहासाचे विद्यार्थी असतील. त्यांना फोन कर. त्यांचेही नऊ महिने कोरडे गेले असतील, तर तुझ्या नदीचा त्या फाइलशी संबंध नाही. संत साहित्यावर काम करणाऱ्या मुलाचे पैसे जमा झालेत आणि तुझेच नाहीत, असं निघालं तरी लगेच राजकारणावर जाऊ नकोस. आधी तुझ्या फाइलीत काय कमी आहे ते बघ. दोन वर्षं पूर्ण झाली की कनिष्ठचं ज्येष्ठ फेलो होताना मूल्यमापन समितीचा अहवाल लागतो. तो गेला नसेल तर पुढचं सगळं तिथेच थांबतं. सहामाही प्रगती अहवाल, हजेरीपत्रक, घरभाड्याचा दाखला, कॉलेजनं पाठवायचं विनियोग प्रमाणपत्र, खात्याला आधार जोडणं, यातलं काहीही एक पुरतं. माझ्या एका विद्यार्थिनीची फेलोशिप सात महिने अडली होती, कारण संशोधन केंद्रातल्या लिपिकाची बदली झाली आणि तिचा कागद त्याच्या कपाटात राहिला. ती सात महिने सरकारला शिव्या देत होती. अर्थात सरकारनंही तिला एकदा कळवलं नाही की बाई, कागद आलेला नाही.

हे सगळं तपासून झालं की संस्थेला एक साधं पत्र लिही : माझी फाइल कोणत्या टप्प्यावर आहे, कोणता कागद बाकी आहे. फोन नको, पत्र. ईमेल कर आणि टपालानंही पाठव. एका महिन्यात उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात अर्ज. दहा रुपयांचं शुल्क, तीस दिवसांची मुदत. अर्जात ‘का दिलं नाही’ असं विचारू नकोस. ‘का’ला उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नसतो. ‘माझ्या फाइलवरच्या सर्व टिप्पणींची प्रत द्यावी’ असं लिही. टिप्पणीत जे असेल ते असेल. तुझ्या विषयाबद्दल कुणी खरंच काही शेरा मारला असेल तर तोही तिथेच दिसेल. विलंब कॉलेजच्या बाजूनं असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२३ च्या नियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि तिच्या वर लोकपाल आहे. शिष्यवृत्तीतला विलंब ही त्या नियमांत तक्रार म्हणूनच धरलेली आहे.

आता तू म्हणशील, ताई सगळं लिपिकाच्या कपाटावर ढकलतायत. नाही गं. संशोधनाचा पैसाच आटत चाललाय, हे तुझं निरीक्षण बरोबर आहे. आपला देश संशोधनावर सकल उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च करतो. दक्षिण कोरिया पाच टक्क्यांच्या आसपास. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची मौलाना आझाद फेलोशिप २०२२-२३ पासून बंद झाली. शाळकरी-कॉलेजच्या मुलांना विज्ञानाकडे ओढणारी किशोर वैज्ञानिक योजना २०२२ मध्ये गुंडाळली. राज्यात २०२३ मध्ये बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या फेलोशिपना दोनशे जागांची मर्यादा घातली गेली आणि त्याच वर्षी, डिसेंबरात, नागपूरच्या अधिवेशनात सत्ताधारी बाकावरूनच विचारलं गेलं की पीएच.डी. करून ही मुलं काय दिवे लावणार. नवा पैसा येतोय, पण तो वळतोय दुसरीकडे. २०२३ च्या कायद्यानं झालेल्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानसाठी पाच वर्षांत ५०,००० कोटी जाहीर झाले, त्यातले जवळपास ३६,००० कोटी सरकारबाहेरून उभे करायचेत. जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेला एक लाख कोटींचा निधी मुख्यतः खासगी उद्योगांच्या संशोधनासाठी आहे. गोदावरीत किती कॉलिफॉर्म जीवाणू आहेत हे मोजायला उद्योगपती पुढे येईल, असं मला वाटत नाही. तेव्हा सरकारी पैसा आटला की सगळ्यात आधी तुझ्यासारखं, जिल्ह्याच्या गावातल्या कॉलेजमधलं, नफा नसलेलं काम सुकतं. राग येण्यासारखीच गोष्ट आहे. पण तो राग आणि तुझी अडकलेली फाइल या दोन गोष्टी वेगळ्या ठेव, नाहीतर फाइल कधीच हलणार नाही.

उजवा रकाना अवघड आहे. तिथे मला माझीच एक गोष्ट सांगावी लागेल.

बरीच वर्षं झाली. मी आणि दोन विद्यार्थी एका कारखान्याच्या खालच्या बाजूच्या विहिरींचं पाणी तपासत होतो. कारखाना कुठला, तालुका कुठला ते जाऊ दे. अहवालात एक तक्ता होता, अकरा विहिरींचा. प्राचार्यांनी चहाला बोलावलं. बिस्किटं पुढे केली. म्हणाले, ‘मॅडम, एवढा एक तक्ता नाही दिला तर चालेल ना?’ मी विचारलं, कुणी काही बोललं का सर? ते हसले. मी तक्ता काढला. पुढे पाच-सहा वर्षांनी त्यांच्या निरोप समारंभात जेवताना मी सहज विचारलं, सर, तेव्हा कुणाचा फोन आला होता हो? ते म्हणाले, ‘फोन? कुणाचाच नाही. मला आपलं वाटलं, संचालक मंडळात त्यांचे नातेवाईक आहेत, उगाच कशाला.’ त्या गावचा एक शिक्षक नंतर माझ्याकडे ते आकडे मागायला आला होता. तोवर वही रद्दीत गेली होती.

म्हणून तुला विचारते, रागावू नकोस : तुझ्या सरांना नक्की कोण काय म्हणालं? नाव, तारीख, शब्द? तुझ्या पत्रात ‘वरच्यांना’ आहे, पण वर कोण आहे ते नाही. महापालिका? संस्थेचं मंडळ? विद्यापीठ? की कुणीच नाही, आणि सरांनी २०२७ च्या कुंभाचं कॅलेंडर बघून स्वतःच अंदाज बांधला? दबाव खोटा आहे असं मी म्हणत नाही. २०२३ मध्ये अशोका विद्यापीठातल्या एका अर्थशास्त्रज्ञाच्या निवडणुकीवरच्या शोधनिबंधावरून काय झालं ते देशानं पाहिलं. त्यांनी राजीनामा दिला आणि गुप्तचर खात्याची माणसं कॅम्पसवर चौकशीला येऊन गेली. पण आपल्या जिल्ह्यांच्या गावांत निम्म्याहून जास्त संशोधन कुणीही न केलेल्या फोनला घाबरून मरतं, असा माझा अनुभव आहे. माझं तसंच मेलं.

तुझ्या मैत्रिणीच्या अमेरिकेकडून मला इथे एक गोष्ट घ्यावीशी वाटते. तू लिहितेस, ‘तिकडेही हेच, म्हणजे आता कुठेच काही राहिलं नाही.’ हेच नाही गं, फरक आहे. तिथल्या सरकारनं एप्रिल २०२५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाला मागण्यांची यादी लेखी पाठवली. हार्वर्डनं १४ एप्रिलला नकार दिला, तोही लेखी. त्याच दिवशी २.२ अब्ज डॉलरचा निधी गोठवला गेला. कोलंबिया विद्यापीठाचे ४० कोटी डॉलर आधीच, मार्चमध्ये रद्द झाले होते. त्यांनी वाकायचं ठरवलं आणि जुलैत वीस कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरायचं मान्य केलं. हार्वर्ड कोर्टात गेलं आणि ३ सप्टेंबर २०२५ ला न्यायाधीशांनी निधी गोठवणं बेकायदा ठरवलं. लढाई तिथे संपली नाही, तुझ्या मैत्रिणीला तिचे गेलेले महिने परत मिळाले नाहीत, हे मला कळतं. मॅसॅच्युसेट्समधल्या एका वैद्यकीय विद्यापीठानं तर त्या वर्षी दिलेले पीएच.डी.चे प्रवेशच मागे घेतले होते. पण तिथे भांडता आलं, कारण भांडायला कागद होता. आपल्याकडचा दबाव चहाच्या कपातून येतो. ‘बघा बुवा’, ‘सांभाळून’, ‘उगाच कशाला’. ‘उगाच कशाला’ला कोणत्या कोर्टात आव्हान देशील?

तेव्हा तुझं पहिलं काम : हे कागदावर आण. भांडण न करता. सरांना नम्र ईमेल लिही. ‘सर, परवाच्या चर्चेप्रमाणे रामकुंड व तपोवन येथील नमुना केंद्रे वगळण्याबाबत आपण सुचवले. मंजूर आराखड्यात ही केंद्रे असल्याने हा बदल संशोधन सल्लागार समितीपुढे शास्त्रीय कारणासह ठेवावा लागेल असे वाटते. कृपया मार्गदर्शन करावे.’ एवढंच. यात तक्रार नाही, आरोप नाही. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे दर सहा महिन्यांनी त्या समितीपुढे तुला कामाचा आढावा द्यावाच लागतो. माझा अंदाज असा, की ‘शास्त्रीय कारण’ हे दोन शब्द लिहायची वेळ आली की सर स्वतःच म्हणतील, असू दे, राहू दे ते पॉइंट. नाही म्हणाले तर समितीच्या इतिवृत्तात कारण नोंदलं जाईल. दोन्हींत तुझं नुकसान नाही.

सरांना मात्र खलनायक करू नकोस. अनुदानित कॉलेजातला प्राध्यापक कुठून कुठून बांधलेला असतो ते मी जवळून पाहिलंय. संस्था, विद्यापीठ, सहसंचालक कार्यालय, पदोन्नतीची फाइल. त्यांना भीतीऐवजी हातात एखादा युक्तिवाद दे. आणि तुझ्याकडे फार चांगला युक्तिवाद आहे, तो तुझ्या लक्षात कसा आला नाही याचंच मला नवल वाटतं.

‘कुंभ झाल्यावर बघू’ हे शास्त्र म्हणूनच चूक आहे. मागचा सिंहस्थ २०१५ ला झाला. आता ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात मोठी स्नानं. पुढचा थेट २०३९ च्या सुमाराला. कुंभानंतर तू कितीही मोजलंस तरी कुंभाआधीचं पाणी तुला परत मिळणार नाही. आधीचं, मधलं आणि नंतरचं, तिन्ही असतील तरच काहीतरी म्हणता येतं. हे आकडे कुणाच्या विरोधात जातील हे आज कुणाला माहीत आहे? मलनिस्सारण केंद्रांवर मोठा खर्च होतोय. त्यानं पाणी सुधारलं तर ते सिद्ध करणारी वही तुझीच असेल. नाही सुधारलं, तर तेही कळायला हवं. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ गोदावरीवर दर महिन्याला नमुने घेतं आणि आकडे जाहीर करतं. जे मंडळ स्वतः उघड छापतं ते तू मोजलंस तर गुन्हा कसा होईल? सरांपुढे मंडळाचे तक्ते ठेव आणि विचार, सर, हे तर आधीच बाहेर आहे, मग आपण कशाला लपवायचं?

वडिलांनाही एक गोष्ट आठवून दे. नाशिकचे आहेत, द्राक्षं त्यांना माहीत असणारच. २०१० मध्ये युरोपनं आपली द्राक्षं क्लोरमेक्वाट या वाढ नियंत्रित करणाऱ्या रसायनाच्या अंशांमुळे अडवली होती. कंटेनर बंदरात पडले, शेतकरी कर्जात बुडाले. तेव्हाही काही लोक म्हणाले असतील की आकडे बाहेर कशाला जाऊ द्यायचे. पण बाजार परत मिळाला तो तपासणी आणखी कडक करून. आज ज्या लॅबमध्ये तुला नोकरी मिळतेय ती उभी आहे त्याच नावडत्या आकड्यांच्या जिवावर.

आता विषय बदलण्याबद्दल. तू ते हरणं समजतेस आणि मला तिथे तुझं पटत नाही. शीर्षक बदलता येतं, लांबी कमी करता येते. गंगापूर ते नांदूरमध्यमेश्वर हा पट्टा एका माणसाला मोठाच आहे. सोमेश्वर ते सायखेडा केलास तरी प्रबंध होतो (नांदूरमध्यमेश्वर सोडवणार नाही तुला, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे ते, पण तो मोह नंतरच्या शोधनिबंधासाठी ठेव). शीर्षकात ‘कुंभ’ हा शब्द नसला तरी काही बिघडत नाही. ‘नागरी पट्ट्यातील’ म्हण. ज्याला वाचायचं तो तक्त्यातच बघतो. मधली दोन केंद्रं उचलून बाजूला ठेवणं मात्र मी स्वीकारणार नाही. वरचं सोमेश्वर आणि खालचं टाकळी दाखवून मधलं रामकुंड कोरं ठेवलंस तर तोंडी परीक्षेत बाहेरचा परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारेल, आणि तेव्हा सर मदतीला येणार नाहीत.

वर्तमानपत्राचं काय? तुझी चिडचिड समजते, पण आत्ता नको. प्रयागराजचं आठवून बघ. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय प्रदूषण मंडळानं हरित लवादाला कळवलं की कुंभातल्या पाण्यात विष्ठाजन्य कॉलिफॉर्म बऱ्याच ठिकाणी मर्यादेबाहेर आहेत. मर्यादा म्हणजे शंभर मिलिलिटरला जास्तीत जास्त २,५००, आदर्श ५००. उत्तर प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितलं की पाणी आचमनालाही योग्य आहे. महिनाअखेर त्याच मंडळाच्या दुसऱ्या अहवालात संख्याशास्त्रीय विश्लेषणाच्या आधारे पाणी स्नानाला योग्य ठरलं. एकच नदी, एकच मंडळ, एकच महिना. कोण खरं यात मी आत्ता पडत नाही. तुला त्यातून काय घ्यायचं ते सांगते : नमुना कुठून घेतला, किती वाजता, काठावरून की मधून, किती दिवसांत किती वेळा, सरासरी काढली की मध्यक, हे लिहिलेलं नसेल तर कुणीही तुझा आकडा हवा तसा वळवू शकतो. एका सकाळी घेतलेल्या तीन बाटल्यांची बातमी दोन दिवस टिकते. दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे असलेली वही मोडून काढणं कठीण जातं.

ती वही सांभाळायची कशी ते आता सविस्तर सांगते, कारण माझी गेली. पानांना छापील क्रमांक असलेली बांधीव वही घे, सुटे कागद नकोत. त्याच दिवशी, शाईनं, चूक झाली तर एक आडवी रेघ मारून शेजारी सही. प्रत्येक दौऱ्याचं पान त्याच संध्याकाळी फोटो काढून स्वतःलाच ईमेल कर, म्हणजे तारीख आपोआप लागते. दर चौथ्या-पाचव्या दौऱ्याला रामकुंडाचा जोड नमुना एनएबीएल मान्यता (प्रयोगशाळांची राष्ट्रीय मान्यता) असलेल्या लॅबला दे. खर्च होतो, पण तुझ्या आणि त्यांच्या आकड्यांत मेळ बसला की कुणी ‘कॉलेजच्या पोरीनं काढलेलं’ म्हणणार नाही. बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जीवाणू किती प्राणवायू वापरतात त्याचं माप) सत्तावीस अंशांवर तीन दिवसांचा काढलास की वीस अंशांवर पाच दिवसांचा, हे प्रत्येक तक्त्याखाली लिही. आपल्याकडे पहिली पद्धत चालते, परदेशी निबंधांत दुसरी असते आणि तुलना करताना हमखास घोळ होतो. सगळं कोष्टकांत आलं की सरांच्या संमतीनं झेनोडोसारख्या खुल्या भांडारात ठेव. जिनिव्हाजवळची सर्न प्रयोगशाळा ते चालवते, फुकट आहे, कायमचा क्रमांक मिळतो आणि हवं तर ठरावीक तारखेपर्यंत बंदही ठेवता येतं. संमतीचं मुद्दाम म्हणते. आकडे तुझ्या एकटीचे नाहीत. रसायनं कॉलेजची, नाव सरांचंही. त्यांना डावलून ठेवलेस तर उद्या तुझ्यावरच ठपका.

आणि मधेच एखाद्या दिवशी घाटावर खरोखर धोक्याचं काही सापडलं तर? तेव्हा प्रबंधाची वाट बघायची नाही. महापालिकेला आणि प्रदूषण मंडळाच्या नाशिक कार्यालयाला संशोधन केंद्रामार्फत पत्र द्यायचं, आवक क्रमांक टाकून पोच घ्यायची. सांगायचं ते योग्य ठिकाणी सांगितलं, याचा तो शिक्का आयुष्यभर पुरतो.

नोकरीकडे वळते. घरात हप्त्याचा प्रश्न आहे आणि नवरा बिचारा गप्प आहे, असं तू एका ओळीत लिहून पुढे गेलीस. मला ती ओळ सगळ्यात जड वाटली. त्याच्याशी एकदा बसून आकडे मांड : किती महिने असं ओढता येईल, कोणत्या तारखेनंतर नाही. ती तारीख ठरव. तोवर अर्ज, पत्रं, माहिती अधिकार. त्या तारखेला पैसे नाही आले तर नोकरी घे, आणि मनात काहीही न ठेवता घे. २०२२ च्या नियमांत अर्धवेळ पीएच.डी.ला मुभा आहे, नोकरी देणाऱ्याचं ना-हरकत पत्र लागतं. पूर्णवेळचं अर्धवेळ करून मिळेल का ते विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागात विचार. मुदतीची घाई तुला वाटते तेवढी नाही. साधारण सहा वर्षं, पुनर्नोंदणीनं दोन आणि महिला उमेदवारांना आणखी दोनपर्यंत सवलत देता येते. फक्त एक करू नको : फेलोशिप चालू दाखवून गुपचूप पगार घेणं. तू हमीपत्रावर सही केलेली आहेस. अशी वसुली निघाली की व्याजासकट निघते, आणि तुझ्या आकड्यांवर शंका घ्यायला लोकांना आयतं कारण मिळतं. हे तुझ्यासारख्या अवस्थेतल्या सगळ्यांनाच सांगते, कारण गेल्या दोन वर्षांत मला असे तीन फोन आले.

द्राक्षाच्या लॅबमधलं काम तुझ्या कामापासून लांबही नाही. तिथली यंत्रं तुझ्या कॉलेजात या जन्मात येणार नाहीत. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी नदीवर जाता येईल का, एवढं रुजू होण्याआधी विचारून घे. विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची २७ ते ४५ वयाच्या महिलांसाठीची वाइज-पीएच.डी. योजना आहे, जाहिरात निघते तेव्हा बघ. दोन फेलोशिप एकदम घेता येत नाहीत, तेव्हा आधीची रीतसर सोडावी लागेल. बाहेरदेशी जायचं म्हणशील तर आत्ता घाई नको एवढंच सांगते. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेनं बाहेरून नव्यानं येणाऱ्यांच्या एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या अर्जाला एक लाख डॉलर शुल्क लावलं. संशोधक जातात ते बहुतेक वेगळ्या व्हिसावर, पण वारं कुठलं आहे ते कळतं.

राहिल्या सासूबाई. पत्राच्या शेवटी तू त्यांना घातलंस आणि मला वाटतं, तुझी खरी भीती वरच्यांची नसून त्यांची आहे. आपण मोजतोय ते त्यांच्या देवघरातलं पाणी, त्यांना वाटेल सून श्रद्धेवर उठली. पण त्यांनी प्रश्न विचारला ना? ‘घाण आहे का गं?’ हे विचारणाऱ्या बाईला उत्तर हवं असतं. माझ्या आईच्या अस्थी आम्ही रामकुंडातच सोडल्या, मी तेव्हा पाण्यात गुडघाभर उभी होते आणि पाण्याला येणारा वास मला कळत होता. श्रद्धा त्यानं कमी झाली नाही. त्या पाण्यात उतरणारी माणसं श्रद्धाळूच आहेत, पाणी नीट असावं असं त्यांच्याइतकं कुणाला वाटणार?

पुढच्या दौऱ्याला त्यांना बरोबर घेऊन जा. सोमेश्वरला पाण्यातला प्राणवायू तपासायची एक विंकलरची बाटली भर, रामकुंडाला एक आणि खाली टाकळीच्या संगमाशी एक. मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड त्यांच्यासमोर घाल, बुच लावून बाटली त्यांच्याच हातात दे, उलटीसुलटी करायला. प्राणवायू असेल तर गाळ तपकिरी होतो, नसेल तर पांढरा राहतो, एवढं आधी सांगून ठेव. तिन्ही बाटल्या काठावर ओळीनं मांड आणि कोणती कशी झाली ते त्यांना सांगू दे.